हुकमाची तामिली करण्यापूर्वी

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपण इतक्या सहजतेने वापरतो की, त्यामागील आख्यायिकेतील एक पात्र आजवर बिनचौकशी सुटले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणरावांस ‘धरावे’ असा रघुनाथरावांचा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून तो ‘मारावे’ असा केला, ही कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न अलाहिदा. परंतु लोकमानसाने ती अडीचशे वर्षे जपली, आणि जपताना सारा दोष अक्षर फिरविणाऱ्या हाताच्या पदरी घातला. ज्याच्या हाती तो कागद पडला, त्या सुमेरसिंग गारद्याने, ज्याच्या वाड्यावर आपण चाकरी करतो त्या धन्यालाच मारावयाचे आहे असे वाचल्यावर, ‘हे खरोखर असेच लिहावयाचे होते काय?’ एवढी साधी पृच्छा का केली नाही, हे कथेने विचारले नाही, आणि ऐकणाऱ्यांपैकीही कोणी विचारीत नाही. गारद्यांचे थकलेल्या पगाराचे गाऱ्हाणे होते, हे खरे. पण आपण विचारीत नाही त्याचे कारण ते नव्हे. हुकूम वाचणाऱ्याने हुकूम बजवावा, अक्षरांची चिकित्सा करू नये, असे आपण सर्वांनी मनोमन धरून ठेवलेले असते. ‘आम्ही काय, हुकमाचे ताबेदार!’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांतून आजही जे ऐकू येते, ते या समजुतीचेच अपत्य होय.

प्रस्तुत लेख या मधल्या माणसासाठी आहे. ज्याने हुकूम काढला त्याच्यासाठी नाही, आणि हुकमाने ज्याचा घात झाला त्याच्यासाठीही नाही. दोहोंच्या मध्ये ज्याच्या हातून तो हुकूम अमलात येतो, त्या कारकुनासाठी, परिचारिकेसाठी, हिशेबनिसासाठी, बँकेतील कनिष्ठ अधिकाऱ्यासाठी, आणि हल्ली ज्याला खाकी गणवेशातील कोणा अनोळखी माणसाचा दूरध्वनी येतो त्या निवृत्त गृहस्थासाठीही. अशा प्रसंगी आपल्याकडे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचा दाखला देण्याची रीत आहे, आणि तो दाखला थोरच आहे. परंतु सत्ताधीशाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावण्याची छाती फार थोड्यांना लाभते, आणि ज्यांना ती लाभत नाही अशा आपल्यासारख्यांना त्या दाखल्याने बहुधा एवढेच वाटते की, हे आपले काम नव्हे. वस्तुतः रामशास्त्री होता आले नाही तरी गारदी होणे टाळता येते. आणि ते टाळणे हे शौर्यापेक्षा सवयीचे, पूर्वतयारीचे आणि थोड्याशा कागदपत्राचे काम असल्यामुळे, ते शिकता येते.

आधी आज्ञापालनाची बाजू

अवज्ञेचा विचार करण्यापूर्वी आज्ञापालनाचा मान राखणे उचित होईल. चौकातला हवालदार हात आडवा करतो तेव्हा प्रत्येक वाहनचालक त्याच्याशी तात्त्विक चर्चा करू लागला, अथवा आग लागलेल्या इमारतीत अग्निशामक दलाचा नायक ‘बाहेर पडा’ म्हणाला असता रहिवासी त्याच्याकडे लेखी आदेश मागू लागले, तर समाज चालावयाचा नाही. साहेब आवडत नाही म्हणून फाईल दाबून ठेवणे ही अवज्ञा नव्हे, ती कामचुकारी होय. आणि अहंकार दुखावला म्हणून दिलेला नकार तत्त्वाचा आव आणतो, तेव्हा खऱ्या नकाराचीही किंमत कमी होते.

म्हणून कोणताही हुकूम हाती आला असता मनाशी तीन प्रश्न विचारावेत. हुकूम देणाऱ्याचा अधिकार या विशिष्ट बाबीपुरता आहे काय, की एका खुर्चीचा अधिकार तो दुसऱ्याच कामाला लावीत आहे? या हुकमाने कोणाचे नुकसान व्हावयाचे असेल, तर त्या माणसाला ते माहीत आहे काय आणि त्याची संमती आहे काय? आणि तिसरा प्रश्न, जो माझ्या मते सर्वांत उपयुक्त आहे, तो असा की, हाच हुकूम चारचौघांत, मोठ्याने, नोंदवहीत लिहून देण्यास हुकूम देणारा राजी होईल काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर हुकूम तत्परतेने बजवावा, मग तो आपल्याला रुचो वा न रुचो. एखादे उत्तर अडखळले, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे असे समजावे.

न्यू हेवनची खोली

माणूस हुकमापुढे कसा वाकतो याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील न्यू हेवन येथे, येल विद्यापीठात, १९६१ व १९६२ या वर्षांत स्टॅनले मिल्ग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाने केला. त्याच सुमारास जेरुसलेम येथे आइकमन याच्यावर खटला चालू होता, आणि लक्षावधी ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे रवाना करणारा हा अधिकारी ‘मी केवळ आज्ञा पाळल्या’ असे सांगत होता. मिल्ग्रॅमने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साधेसुधे नागरिक बोलाविले, त्यांना चार डॉलर व प्रवासखर्चाचे पन्नास सेंट दिले, आणि सांगितले की, हा स्मरणशक्तीचा अभ्यास असून, शेजारच्या खोलीतील विद्यार्थी चुकला की आपण त्याला विजेचा धक्का द्यावयाचा आहे. समोरच्या यंत्रावर तीस कळा होत्या. पहिली १५ व्होल्टची, नंतरची प्रत्येक १५ व्होल्टने चढती, शेवटची ४५० व्होल्टची. विद्यार्थी बनावट होता, धक्केही खोटे होते. खरी परीक्षा कळ दाबणाऱ्याची होती, आणि ती त्याला माहीत नव्हती.

प्रयोगापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना अंदाज विचारला असता, शेवटच्या कळेपर्यंत हजारात एखादाच जाईल असे त्यांचे मत पडले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधातील चाळीस माणसांपैकी सव्वीस जण शेवटच्या कळेपर्यंत गेले. त्यांच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती, कोणाची नोकरी जाणार नव्हती, आणि मिळालेले पैसे परत करावयाचेही नव्हते. करडा डगला घातलेला एक गंभीर मनुष्य शांतपणे ‘कृपया पुढे चालू ठेवा’ म्हणत होता, इतकेच. या प्रयोगाच्या पद्धतीवर व नीतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि त्यातील काही टीका रास्त आहे. तथापि जेरी बर्गर या संशोधकाने १५० व्होल्टपर्यंत थांबणारी सौम्य आवृत्ती करून पाहिली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हाही सुमारे सत्तर टक्के माणसे त्या मर्यादेपलीकडे जावयास तयार असल्याचे दिसले.

हे आकडे ऐकून मनुष्यस्वभावाविषयी निराश होण्याचा प्रघात पडला आहे. मला मात्र या प्रयोगाच्या इतर आवृत्त्या, ज्यांची चर्चा क्वचित होते, अधिक शिकवणाऱ्या वाटतात. माणसे तीच, यंत्र तेच. केवळ परिस्थितीत एखादा बदल केला की पालनाचे प्रमाण कधी निम्म्यावर येते, कधी शून्यावर येते. याचा अर्थ असा की, नकार हा हृदयाच्या आकारावर अवलंबून नसून खोलीतील मांडणीवर पुष्कळसा अवलंबून आहे, आणि मांडणी ही बदलता येण्याजोगी गोष्ट आहे.

पहिली कळ कोणती, ते आधी ठरवा

मिल्ग्रॅमच्या यंत्राची खरी मख्खी त्या पंधरा-पंधराच्या पायऱ्यांत होती. एकदम ४५० व्होल्टची कळ दाबा म्हटले असते, तर बहुतेकांनी टोपी उचलून घरचा रस्ता धरला असता. परंतु १८० दाबल्यावर १९५ला नाही म्हणावयाचे, तर १८० दाबणे चुकले होते हे आधी कबूल करावे लागते, आणि ही कबुली माणसाला पुढची कळ दाबण्यापेक्षा जड जाते. आपल्या कचेऱ्यांत कोणीही पहिल्या दिवशी लाखोंची अफरातफर करावयास सांगत नाही. आधी हजेरीपटावर दुसऱ्याची सही, मग मागची तारीख घातलेले बिल, मग कोऱ्या कागदावर ‘नंतर भरू’ म्हणून घेतलेली सही, आणि ज्या दिवशी मोठा कागद समोर येतो त्या दिवशी आपले हात आधीच बांधलेले असतात.

सबब पहिला नियम असा की, आपली मर्यादा प्रसंग येण्यापूर्वी, स्वस्थ चित्ताने, शक्य तर लिहून ठरवावी, आणि ती वरच्या पायरीवर न ठेवता अगदी खालच्या पायरीवर ठेवावी. ‘मी मोठा गुन्हा करणार नाही’ हा निश्चय निरुपयोगी आहे. ‘मी कोऱ्या कागदावर सही करणार नाही, आणि मागची तारीख घालणार नाही’ हा निश्चय उपयोगी आहे. मिल्ग्रॅमच्या नोंदींचा पुढे जो फेरविचार झाला त्यात आढळले की, ज्यांनी प्रयोग सोडला त्यांच्यापैकी सर्वांत मोठा घोळका १५० व्होल्टच्या कळेपाशी थांबला होता, म्हणजे जेथे आतील मनुष्य ‘मला सोडा’ असे प्रथम स्पष्टपणे म्हणत असे तेथे. तो टप्पा ओलांडला की पुढे थांबणे अधिकाधिक कठीण होत जाई. समोरच्याचा पहिला स्पष्ट नकार हाच आपला शेवटचा सोपा थांबा समजावा.

याच ठिकाणी दुसरी एक फसगत सांगणे अगत्याचे आहे. शेवटपर्यंत कळा दाबणारे लोक दगडाच्या काळजाचे नव्हते. ते घामाघूम होत, थरथर कापत, ओठ चावीत, काही तर विचित्र हसत, आणि ‘हे बरोबर नाही’ असे वारंवार बोलूनही दाखवीत. बोलत असत आणि दाबीत असत. कुरकुर म्हणजे नकार नव्हे. चहाच्या टेबलावर साहेबाच्या नावाने बोटे मोडून पुन्हा जागेवर येऊन सही करणारा मनुष्य आपल्या विवेकाला जणू लाच देऊन गप्प बसवितो; त्याला वाटते की आपण विरोध केला, आणि कागद मात्र पुढे गेलेला असतो. विरोधाची मोजणी शब्दांनी न करता, हात थांबला की नाही एवढ्यावरच करावी.

जबाबदारी कागदावर आणा

प्रयोगात पुष्कळांनी विचारले की, याला काही झाले तर जबाबदार कोण? आणि प्रयोगकर्त्याने ‘जबाबदारी माझी’ म्हणताच त्यांचा चेहरा सैल होऊन हात पुन्हा यंत्राकडे जात असे. ‘तुम्ही करा हो, मी आहे ना!’ हे आपल्याकडील वरिष्ठांचे आवडते वाक्य त्याच जातीचे. कायद्याच्या दृष्टीने या आश्वासनाची किंमत अल्प आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचे ७६वे कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत १४वे झाले आहे, वरिष्ठाच्या हुकमाने जमावावर गोळी झाडणाऱ्या शिपायाचे उदाहरण देऊन त्याला निर्दोष ठरविते खरे, परंतु तो हुकूम कायद्याच्या आज्ञेनुसार असला तर. हुकूम हे निमित्त आहे, ढाल आहे ती कायद्याची. न्यूरेंबर्गच्या खटल्यांनंतर आंतरराष्ट्रीय कायद्यातही हेच तत्त्व सूत्रबद्ध झाले की, नैतिक निवड करणे ज्याला शक्य होते, त्याला वरिष्ठाच्या आज्ञेमागे लपता येणार नाही.

यावर सर्वांत सभ्य आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे तोंडी हुकूम लेखी मागणे. सरकारी नोकरास तर हा केवळ हक्क नसून ते कर्तव्य आहे. केंद्राचे १९६४चे आणि महाराष्ट्राचे १९७९चे वर्तणूक नियम सांगतात की, वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी देणे अपरिहार्य झाल्यास त्याने मागाहून तो लेखी कायम करावा, आणि कनिष्ठाने तशी लेखी खातरजमा मागितल्यास ती देणे वरिष्ठावर बंधनकारक आहे. खाजगी नोकरीत असा नियम नसला तरी युक्ती तीच चालते. भांडणाचा सूर न लावता, उलट आज्ञाधारकपणाच्या सुरात, एक टिपण पाठवावे: ‘आज दुपारी आपण तोंडी सुचविल्याप्रमाणे सदर बिलावर मागील महिन्याची तारीख घालावयाची आहे, असे मी समजलो आहे. ही समजूत बरोबर असल्यास कृपया लेखी दुजोरा मिळावा, म्हणजे पुढील कार्यवाही करता येईल.’ समोरासमोर बोलण्याचा प्रसंग आला तर ‘साहेब, करतो, फक्त आपल्या शेऱ्यासह कागद माझ्याकडे येऊ द्या’ एवढे पुरे. या टिपणाची प्रत तारखेसह आपल्या संग्रही असावी. अशा टिपणाला पुष्कळदा उत्तरच येत नाही, हुकूम आपोआप विरून जातो, आणि कोणी कोणाचा अपमान केला असेही होत नाही.

खोलीबाहेर पडा, वेळ मागा

एका आवृत्तीत प्रयोगकर्ता सुरुवातीच्या सूचना देऊन निघून गेला आणि पुढचे हुकूम दूरध्वनीवरून देऊ लागला. तेव्हा शेवटपर्यंत जाणारांचे प्रमाण एक-पंचमांशाच्या आसपास घसरले. उलटपक्षी धक्का बसणाऱ्याला त्याच खोलीत आणले, किंवा त्याचा हात धरून पट्टीवर ठेवावयास सांगितले, तेव्हाही पालन कमी झाले. म्हणजे हुकूम देणारा जितका जवळ आणि हुकमाने पोळणारा जितका दूर, तितके हुकूम पाळणे सोपे. आपण हे अंतर उलटे करावे. वरिष्ठाच्या दालनात उभे असताना निर्णय देऊ नये. ‘कागद वाचून अर्ध्या तासात येतो’ म्हणून बाहेर पडावे, जिन्यावरून एक फेरी मारावी, आणि त्या फेरीत ज्याच्या नावावर तो कागद आहे त्या शेतकऱ्याचा, रुग्णाचा वा ठेवीदाराचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

भामट्यांनी हे शास्त्र आपल्यापेक्षा बरे आत्मसात केले आहे. गेल्या काही वर्षांत ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने जी लूट चालू आहे तिचे अंग-प्रत्यंग पाहावे. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचा व्यवहार झाला, असे सांगणारा दूरध्वनी येतो. मग चित्रसंभाषणात गणवेश, मागे कचेरीचा देखावा, शिक्क्यांचे खोटे वॉरंट. आणि त्यानंतर तीन हुकूम ठरलेले: कॅमेरा बंद करावयाचा नाही, घरात कोणाला सांगावयाचे नाही, आणि रक्कम ताबडतोब ‘पडताळणीसाठी’ अमुक खात्यात वळती करावयाची. हुकूमकर्त्याचे सान्निध्य, सोबत्याचा अभाव आणि वेळेची कोंडी, ही तिन्ही साधने येथे एकत्र आली आहेत. या सापळ्यात मोठमोठे शिकलेले लोक सापडतात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आयुष्यभर कायद्याला मान देऊन वागलेला मनुष्यच गणवेशापुढे प्रथम नमतो. हे ध्यानात ठेवावे की, आपल्या कायद्यात दूरध्वनीवरून अटक नावाचा प्रकारच अस्तित्वात नाही, आणि पडताळणीसाठी कोणाही नागरिकाचे पैसे कोणतीही पोलीस यंत्रणा मागत नाही. असा प्रसंग येताच संभाषण तोडावे, शेजारच्या माणसाला हाक मारावी, आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. खरा अधिकारी संभाषण तोडल्याने नाहीसा होत नाही. खोटा मात्र होतो.

एक तरी सोबती

आता सर्वांत आशादायक आकडा. मिल्ग्रॅमने एका आवृत्तीत कळ दाबणाऱ्याच्या शेजारी आणखी दोन माणसे बसविली, जी प्रत्यक्षात त्याचीच साथीदार होती, आणि ठरलेल्या वेळी ती उठून ‘आम्ही पुढे जाणार नाही’ म्हणाली. त्या आवृत्तीत चाळीसांपैकी अवघे चार शेवटपर्यंत गेले. दुसऱ्या एका आवृत्तीत दोन प्रयोगकर्ते एकमेकांच्या विरुद्ध हुकूम देऊ लागले, तेव्हा शेवटपर्यंत एकही गेला नाही. त्याआधी १९५१च्या सुमारास सॉलोमन ॲश याने रेषांची लांबी ओळखण्याचा साधा प्रयोग केला होता, त्यातही हेच दिसले होते: सारे टोळके चुकीचे उत्तर देऊ लागले की एकटा माणूस डोळ्यांवरचा विश्वास गमावतो, पण टोळक्यात एकाने जरी खरे उत्तर दिले तरी त्याचा कणा ताठ होतो.

या गोष्टीची प्रचीती रुग्णालयांतून आली. अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ओळख नसलेल्या एका डॉक्टराने दूरध्वनीवरून बावीस परिचारिकांना एका औषधाचा वीस मिलिग्रॅमचा डोस द्यावयास सांगितले. औषधाच्या डबीवर दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम असे स्पष्ट लिहिले होते, आणि दूरध्वनीवरून असा हुकूम घेणेही नियमबाह्य होते. तरी बावीसांपैकी एकवीस जणी औषध घेऊन निघाल्या, आणि वाटेत त्यांना थांबवावे लागले. अकरा वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग परिचयाचे औषध घेऊन आणि परिचारिकांना सहकाऱ्यांशी बोलण्याची मोकळीक ठेवून केला, तेव्हा अठरांपैकी दोघीच हुकूम बजवावयास तयार झाल्या. परिचारिकांची नीतिमत्ता अकरा वर्षांत बदलली असे म्हणण्यापेक्षा, ज्ञान आणि सोबत हाताशी आल्याने त्यांना विचारावयास जागा मिळाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

म्हणून कचेरीत रुजू झाल्या दिवसापासून असा एक मनुष्य हेरून ठेवावा, की ज्याला आपण निःसंकोचपणे ‘हे तुला बरोबर वाटते काय?’ असे विचारू शकू. आणि कोणी आपल्याला असे विचारले तर हसण्यावारी न नेता उत्तर द्यावे, कारण त्या क्षणी आपण त्याच्या शेजारच्या खुर्चीवरील बंडखोर असतो. बैठकीत कोणी एकट्याने शंका काढली असेल तर पुढे येऊन ‘मलाही हा प्रश्न पडला आहे’ एवढे पाच शब्द बोलणे, हे स्वतः शंका काढण्याइतकेच मोलाचे आहे.

नकाराची भाषा

पुष्कळ माणसे नकार देत नाहीत याचे कारण भीतीइतकेच शब्दांचे दारिद्र्य असते. आपल्याला ‘होय साहेब’ म्हणावयास शिकविले, ‘नाही’ म्हणण्याचा सभ्य प्रकार शिकविला नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरील विमानतळावर धुक्यात दोन बोइंग विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. उड्डाण घेणाऱ्या डच विमानाचा कप्तान त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता. सहवैमानिकाने त्याला परवानगी मिळाली नसल्याची एकदा जाणीव करून दिली होती, आणि विमान धावू लागल्यावर अभियंत्याने, समोरचे विमान अजून पट्टीवर तर नाही ना, अशी शंकाही विचारली. कप्तानाने ठामपणे उत्तर दिले आणि अभियंता गप्प बसला. शंका बरोबर होती. तिच्यापुढची पायरी चढावयाची भाषा त्या खोलीत नव्हती. अशाच अपघातांतून धडा घेऊन पुढे वैमानिकांना कनिष्ठाने कसे बोलावे व ज्येष्ठाने कसे ऐकावे, याचे रीतसर शिक्षण देण्यात येऊ लागले.

ती पायऱ्यांची भाषा आपणही घोकून ठेवावी. प्रथम प्रश्न: ‘साहेब, याला मंजुरी आली आहे काय?’ मग चिंता, स्वतःच्या नावाने: ‘मला याची काळजी वाटते, कारण अमुक नियम आड येतो.’ मग पर्याय: ‘आजची तारीख घालून विलंबाचे कारण लिहिले तर चालेल.’ आणि शेवटी, आवाज न चढविता: ‘माफ करा, हे माझ्या हातून होणार नाही.’ कारणांची लांबण लावू नये. प्रत्येक जादा कारण हे समोरच्याला खोडून काढावयास दिलेले एक नवे निमंत्रण असते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. मिल्ग्रॅमच्या प्रयोगकर्त्याजवळ चार ठरीव वाक्ये होती. पहिले नम्र, मधली दोन प्रयोगाच्या आवश्यकतेची, आणि चौथे ‘तुम्हाला दुसरा मार्गच नाही’ असे हुकमी. बर्गरच्या प्रयोगात जेथे जेथे हे चौथे वाक्य उच्चारावे लागले, तेथे एकानेही पुढे जाणे मान्य केले नाही. दरडावणीने माणूस जागा होतो. झोपवितो तो थोर हेतू. ‘संस्थेच्या हितासाठी’, ‘आपल्याच माणसासाठी’, ‘एवढे एकदा’ हे शब्द ऐकू आले की, ओरडण्यापेक्षाही अधिक सावध व्हावे.

किंमत, आणि हुकूम देणाऱ्यांस दोन शब्द

नकार फुकट असतो असे सांगून वाचकांची दिशाभूल करणे मला उचित वाटत नाही. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावर येथे गढवाली पलटणीतील चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्याचे नाकारले. लष्करी न्यायालयाने चंद्रसिंहांना जन्मठेप दिली. आपल्या वाट्याला बदली, गोपनीय अहवालातील एखादा शेरा, लांबलेली बढती येईल. म्हणून शक्य तो नकार एकट्याने देऊ नये, कागद जपून ठेवावेत, सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी ठेवण्याचा प्रयत्न करावा, कारण रिकामी गाठ ही विवेकाची मोठी वैरीण आहे; आणि नकार देताना व्यक्तीचा पाणउतारा न करता कृत्यापुरतेच बोलावे.

आणि आपल्यापैकी जे खुर्चीवर बसले आहेत, घरात वा कचेरीत, त्यांनी आपल्या शेवटच्या दहा हुकमांपैकी किती हुकमांना कोणी ‘का?’ म्हणून विचारले, याची मनाशी मोजदाद करावी. उत्तर ‘एकालाही नाही’ असे आले तर आपले सारे हुकूम निर्दोष आहेत असे नव्हे. आपल्या दालनात तेनेरीफचे धुके दाटले आहे, असा त्याचा अर्थ असण्याचा संभव अधिक. ‘मोठ्यांचे ऐकावे’ असे मुलाला शिकविणाऱ्या आईबापांनी त्याच दमात ‘आणि पटले नाही तर विचारावे’ हेही शिकविले, तर पुढे गणवेशातील भामट्याला त्या घरी फारसे काम उरणार नाही.

शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असलेली एक लहानशी मुद्रा उमटविण्याचा शिरस्ता होता. हुकूम येथे संपला, याखाली कोणी काही वाढवू नये, असा तिचा व्यावहारिक अर्थ. हुकूम काढणाऱ्याच्या दप्तरातली ही मुद्रा मधल्या माणसाच्या खिशातही असावयास हवी. येथपर्यंत मी ताबेदार आहे, यापुढे नाही, असे ज्याने कागद हाती पडण्यापूर्वीच ठरविले आहे, त्याच्या हातात कोणी ‘ध’चा ‘मा’ केलेला कागद दिला, तरी तो निदान एकदा तो परत धाडील आणि विचारील, हे अक्षर नीट वाचून पाहिले काय?